ओल्या बाभळीची भिंत

१० मार्च १९५६, चिंचवड
घरामागे एक खोली वाढवायची. इंदूचं पहिलं बाळंतपण माझ्याच घरात होईल. पहिलं म्हणून माहेरच कशाला? सासरे सोपानराव कुरुळीच्या आपल्या घराच्या मातीच्या भिंतींचा फार तोरा मिरवतात. माझी भिंत माझ्या डिझाइनची. बाभळीचे हातभर ओंडके आडवे रचायचे, टोकं आतबाहेर दिसतील असे, मध्ये चिखल भरायचा.

१४ मार्च
शेजारच्या छबूबाई म्हणाल्या, लाकूड वलं हाय, साल काढा, वरीसभर वाळू द्या. बाळ वर्षभर थांबणार आहे का? ओल्या चिखलाला ओलंच लाकूड धरतं, असं त्यांना समजावलं. त्या मान हलवत घरात गेल्या. पटलं असावं.

२ एप्रिल
भिंत उभी. वर पत्रे. इंदूची खाट भिंतीलगत, थंडाव्याला.

१९ एप्रिल, दुपार
ऊन तापलं की भिंतीत टक्‌ असा आवाज होतो. भिंत बसते आहे. इंदू म्हणते, बसत नाही, काहीतरी सुटतंय. या दिवसांत बायकांना काहीही वाटतं.

२७ एप्रिल
प्रत्येक ओंडक्याभोवती फट. बोट जातं. व्हेंटिलेशन उत्तम. इंदूच्या उशीवर सकाळी पिवळा भुसा पडलेला असतो आणि लाकडात काहीतरी कुरतडतं. संकल्प: तिकडे कान द्यायचा नाही.

५ मे
एक ओंडका हाताने गोल फिरला. लिंपून टाकला. भिंतीला मध्ये पोट आलं आहे. म्हटलं, हिलाही दिवस गेलेत. इंदू हसली नाही.

६ मे
सोपानराव बैलगाडी घेऊन हजर. छबूबाईंनी निरोप धाडला असणार. भिंतीवर हात ठेवला, लगेच काढला. इंदूला म्हणाले, ऊठ पोरी, आत्ताच निघायचं. मी चहाचा आग्रह केला. म्हणाले, आत न्हाई, अंगणात घेतो. चहा झाला, इंदू गाडीत बसली, गेली.
मला भीती वाटते आहे. उगाचच.

७ मे
शिफ्ट संपवून आलो. खाट दिसेना. भिंत तिच्यावर होती. उशी ओढून काढायला गेलो, निघेना. तिथेच बसून राहिलो.

१६ मे, कुरुळी
मुलगी झाली. दोघी सुखरूप.
दुपारी ओसरीवर भिंतीलगत मला अंथरूण घातलं. झोप येईना. हळूच भिंतीवर हात ठेवून पाहिला. सोपानराव डोळे मिटूनच म्हणाले, निजा जावईबापू, ती न्हाई पडायची.
अंथरूण अंगणात नेलं.