वळसंगला जायच्या आत गाडी गार

२४ एप्रिल, दुपारी ३
पोस्टातून आत्ताच आलो. बाहेर ४३. गाडीत किती, मोजायची सोय नाही. एसी बंद पडून सात वर्षं झाली, त्याची तक्रार नाही. एसी ही निव्वळ सवय आहे. पण ही गरमी उन्हाची नव्हे, इंजिनाची. पायाखालून येते. ॲक्सिलरेटरवरचा पाय भाजून निघाला. चप्पल मऊ पडली.
गाडी तेवीस वर्षांची. इंजिन उत्तम. दोष गाडीचा नाही, उष्णतेचा.
१२ मे रोजी दानेश्वरीला सासरहून आणायचं. आठवा लागलेला असेल. पहिलं बाळंतपण माहेरीच. तोपर्यंत गाडी गार करणे. अठरा दिवस. भरपूर.

२५ एप्रिल
वळसंगहून व्याह्यांचा फोन. ईरप्पा म्हणाले, सर, ऊन लई हाय की. आमची एसी गाडी हाय, आमीच आणून सोडतो पोरीला.
मी म्हणालो, मुलगी माझी, न्यायला मीच येणार.
फोन ठेवल्यावर महेश्वरी म्हणाली, हो म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? लग्नात याच ईरप्पांनी चारचौघांत माझ्या गाडीला पत्र्याची पेटी म्हटलं होतं. बायको विसरली. मी नाही.

२७ एप्रिल
एकतीस वर्षं हायस्कुलात विज्ञान शिकवलं. उष्णता तीनच मार्गांनी येते. वहन, प्रारण, अभिसरण. तीन मार्ग, तीन उपाय. मेकॅनिकची गरज नाही.
आज वहन. पायाखालच्या मॅटच्या खाली ओलं गोणपाट अंथरलं.
संध्याकाळी: गोणपाटातून वाफ निघाली. चष्म्यावर धुकं. सात रस्ता चौकातला सिग्नल दिसला नाही, पोलिसाची शिट्टी तेवढी ऐकू आली. तत्त्व बरोबर होतं. पाणी जास्त झालं.

१ मे
प्रारण. डॅशबोर्डखाली थर्माकोल, त्यावर पोळ्या गुंडाळायची चांदी. महेश्वरीचा अख्खा रोल संपला. तिला अजून सांगितलेलं नाही.
संध्याकाळी: सांगावं लागलं. शेजारी बसली होती. म्हणाली, काहीतरी जळतंय. मी म्हणालो, जळत नाही, वितळतंय. दोन्हींत फरक आहे. ती उतरून चालत घरी गेली.

४ मे
गौस मिस्त्रीकडे गेलो. फक्त मत घ्यायला. माझाच विद्यार्थी, शेवटच्या बाकावरचा. म्हणाला, सर, एक दिवस गाडी सोडा माझ्याकडं. इंजिन आणि केबिनच्या मधल्या पत्र्याला वायरींची भोकं असतात, त्यातली रबरं जुनी होऊन गळतात, तिथनं गरम हवा आत घुसते.
अंदाज, अंदाज! मी त्याला अभिसरण समजावून सांगितलं. त्यानं मान डोलावली. शाळेतही अशीच डोलवायचा. गाडी घेऊन परत आलो.

६ मे
आज रात्री झोप लागेल. मूळ सापडलं. बॉनेटच्या मागच्या कडेला, काचेजवळ, एक लांब रबरी पट्टी असते. तीच गरम हवा कोंडून ठेवते. उपटून काढली. आता गरम हवा वर, आपण खाली.

७ मे, सकाळी ६.३०
चाचणी यशस्वी! होटगी रोडनं जाऊन आलो. गाडी गार. दुपारच्या चाचणीची आवश्यकता वाटत नाही.

९ मे
दुपारी मेहुण्याला स्टेशनवर सोडावं लागलं. गाडी पहिल्यापेक्षा जास्त तापली. स्टेअरिंग रुमालानं धरलं. मेहुणा उतरल्यावर बराच वेळ बाकावर बसून राहिला. तो तसाही अशक्तच.
तीन दिवस उरले. महेश्वरी म्हणते, ईरप्पांना फोन लावा. लावणार नाही. १२ ला पहाटे निघायचं, नऊच्या आत परत. उन्हाचा प्रश्नच मिटला.

१२ मे, सकाळी ७
वळसंगला पोचलो. गाडी गार. ईरप्पांना मुद्दाम दार उघडून आत हात घालायला लावला. म्हणाले, गार हाय की.

१२ मे, संध्याकाळी ६
लिहायचं नव्हतं. तरी लिहितो.
विहीणबाईंनी जेवल्याशिवाय सोडलं नाही. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, चुलीवर होती. निघायला सव्वा वाजला. ईरप्पांनी त्यांची गाडी बाहेर काढून ठेवली होती. मी तिकडं पाहिलं नाही. दानेश्वरी माझ्या शेजारी बसली.
पंधरा मिनिटं ती बोलत होती. मग गप्प झाली. मी विचारलं, गरम होतंय का? म्हणाली, नाही अप्पा. कुंभारी गावाच्या अलीकडे म्हणाली, अप्पा, गाडी थांबवा.
चेहरा पांढराफटक. कडुलिंबाखाली बसवलं. तिच्या पावलांवर पाणी ओतलं तर पावलं लालभडक होती. बाटली संपली. पदरानं वारा घालायला मी तिची आई नव्हतो, गाडीतली चांदी फाडून काढली, तिची घडी करून वारा घातला. दानेश्वरी डोळे उघडेना. एकतीस वर्षं जे शिकवलं त्यातलं काहीही आठवलं नाही.
मीच ईरप्पांना फोन लावला. नुसतं दानेश्वरी, दानेश्वरी म्हणालो. ते म्हणाले, सर, कुटं हाय तेवढं सांगा.
बारा मिनिटांत आले. दानेश्वरीला त्यांच्या गाडीत निजवलं, एसी लावला. मला दोन शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.
दवाखान्यात सलाईन लावलं. बाळ ठीक. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशा उन्हात आणलंच कोणी? ईरप्पा चटकन म्हणाले, आमीच जेवायला थांबवलं, आमचंच चुकलं.

१३ मे
दानेश्वरी घरी आली. उठून बसली, तिच्या अव्वानं, महेश्वरीनं, दिलेलं ताक प्याली. मी विचारलं, गरम होतंय हे आधी का नाही सांगितलंस? म्हणाली, गाडी तापते हे अव्वानं फोनवर सगळं सांगितलं होतं की. मामंजींची गाडी तयार होती. मीच म्हटलं, अप्पांच्या गाडीतनंच जाते. तुमाला वाईट वाटलं असतं.
गच्चीवर जाऊन आलो. डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

१४ मे
गौसनं कडुलिंबाखालची गाडी ओढून नेली. बॉनेट उघडून म्हणाला, सर, ही पट्टी कायकू निकाले? तिच्यामुळंच इंजिनची हवा काचेखालच्या जाळीतनं आत येत नव्हती. नवी पट्टी बसवली, पत्र्याची चार भोकं रबरानं बुजवली. पाऊण तास. मी मान डोलावली.

१६ मे, सकाळी ११
बाहेर ४२. गाडी खरोखर गार. हात लावून, बूट काढून, सगळीकडून खात्री केली. दानेश्वरीला तपासणीला न्यायचं होतं. किल्ली घेऊन दारात उभा राहिलो. ती आईकडे पाहू लागली. मग हळूच म्हणाली, अप्पा, रिक्षाच बरी.
कोपऱ्यावर रिक्षा मिळते. ऊन फार, म्हणून बोलवायला गाडीनं गेलो. आत अगदी गार होतं.