मुक्याने जेवायचा नेम

२७ ऑक्टोबर, सोमवार
आज पुन्हा जेवतानाच! चातुर्मासात मुक्याने जेवायचा माझा नेम, हे अख्ख्या पोळीभाजी केंद्राला ठाऊक. भाजी करणाऱ्या कुंदाताई मुद्दाम तीच वेळ साधतात. पानावर बसले की सुरू — "काय गं जानकी, पोळ्या लाटतेस की नकाशे काढतेस?" मी घास गिळते. हात धुऊन तोंड उघडेपर्यंत बाई चपला घालून दुसऱ्या कामावर पसार.

२८ ऑक्टोबर
खारट भाजी गेली गिऱ्हाइकांकडे. मीठ कुंदाताईंनी दोनदा घातलं, मी डोळ्यांनी पाहिलं. मालकीण क्षमाताई जेवणाच्या वेळी आल्या, तर बाईंचं बोट माझ्याकडे! "विचारा की हिलाच." मी गप्प. मागाहून सांगायला गेले, तर क्षमाताई म्हणाल्या, "मग तोंडावर का नाही बोललात? पुन्हा तक्रार आली तर घरी बसा."

घरी ह्यांना सांगितलं. "देव काय हजेरी घेता गो? बोल सरळ!"
नेम म्हणजे नेम. पाच दिवस राहिले. पण हे काम सुटायला नको गं बाई — एवढ्या वर्षांत पहिल्यांदा घराबाहेर पडले, चार बायका भेटल्या.

३० ऑक्टोबर
काय धमाल! कुंदाताईंनी तोंड उघडलं मात्र, डबे भरणाऱ्या ऋतिकाने ओठांवर बोट ठेवलं. मग तिच्या शेजारच्या स्वरदाने. मग सगळ्याच मुक्याने जेवायला लागल्या! हूं नाही की चूं नाही. नुसता पापड मोडल्याचा आवाज.
"काय झालंय काय तुम्हांला? ऋतिका, बोल ना गं!"
हसू दाबताना मला ठसका लागला. शेवटी बाई ताट घेऊन उठल्या.
मोरीवर ऋतिका म्हणते, "काकी, थोडं पुण्य आम्ही पण खाल्लं! पण सोमवारी तुम्ही बोलायचं हां. क्षमाताईंना बोलावून ठेवते."

२ नोव्हेंबर
एकादशी. उद्या नेम सुटणार.

३ नोव्हेंबर
बोलले! पहिला घास खाल्ला, घोटभर पाणी प्यायले आणि सगळ्यांदेखत म्हटलं — "कुंदाताई, मीठ तुम्ही दोनदा घातलंत. यापुढे माझ्या नावावर खपवायचं नाही. आणि माझ्या पोळ्या गोल नसतील, मऊ असतात!" आवाज कापत होता, पण निघाला.
कुंदाताईंनी ताट बाजूला सरकवलं. "पहिल्यांदा घातल्याचं लक्षातच राहिलं नाही गं. भीती वाटली... म्हणून तुझं नाव घेतलं. चुकलं."
"मला सांगायचं होतंत!" क्षमाताई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "जानकीताई, उद्या वेळेवर या."
स्वरदाने आणखी दोन पोळ्या वाढल्या. माझ्याच. खाल्ल्या!

४ नोव्हेंबर
देवापुढे दिवा लावला. आता इथे खरं लिहून टाकते. जेवताना कुंदाताईंना उत्तर द्यावं लागू नये, म्हणूनच मी आषाढीला हा नेम धरला होता.