चौथी नोंद

चौथी नोंद पुसली आणि लगेच तुला लिहायला बसले. दादा, तुम्हा तिघांना जय भीम. फोनवर आई शेजारीच असते, म्हणून पत्र.

पुण्यात माझं बरं चाललंय. क्लासमध्ये कोड लिहावा लागत नाही. पडद्यावर चौकोन काढायचे, रेघांनी जोडायचे, त्यातून ॲप तयार होतं. माझं पहिलं ॲप तुमच्या फोनवर आहेच. संध्याकाळी जेवायला कोण आहे ते भरलं, की वहिनीला भाकरींचा आकडा मिळतो.

घरात तुम्ही तिघं. पण महिनाभर रोज सात वाजता चौथी नोंद येते. तिच्यात नाव कोरं असतं. नावाशिवाय नोंद होऊच नये, अशी अट मी स्वतः घातली आहे.

आमचे सर जिंतूरचे. त्यांनी सगळ्या रेघा तपासल्या. म्हणाले, "चित्र बरोबर हाय तुझं. घरी विचार, कोन जेवायलंय."

आबा जन्मभर अंगठाच लावत. शेतातून सातला यायचे. त्यांना जाऊन आता वर्ष होईल. भूतखेत आपण मानत नाही, मीही मानत नाही. फक्त एवढं कळव, चौथ्याच्या भाकरी सकाळी उरतात का? आणि आई नीट जेवते ना?

तुझी,
शुभदा

ता. क. सकाळी वहिनीचा फोन आला. रात्री आई जेवली नाही. "आज हे का आले न्हाईत गं?" एवढंच विचारत बसली होती. मी नोंद परत भरायला गेले. कोरं नाव ॲपने घेतलं नाही. मग आबांचं नाव लिहिलं.