नारळ फुटल्यावरच्या जोखमी

तलवाडा,
बुधवार

तीर्थस्वरूप सुग्रीवमामा यांस,

आपल्याकडे मामाच भाच्याच्या पाया पडतो, पण या खेपेला उलटा मान घ्या. मी गेवराईच्या दिशेला तोंड करून वाकलो आहे. मामींची कंबर कशी आहे? तुमचा खोकला? आमचं इथं सगळं खुशाल. फक्त माझी झोप उडाली आहे, आणि भाकरी हातात धरून मी घरभर फेऱ्या मारतो अशी आईची तक्रार आहे.

कारण असं की, इथल्या मेंढपाळ संस्थेच्या संगणक प्रकल्पाचा मी मॅनेजर झालो आहे. (मॅनेजर म्हणजे ज्याला नाही म्हणता आलं नाही तो.) काम एवढंच, की लसीची गाडी कुठल्या शिवारात येणार ते रानोमाळ फिरणाऱ्या मेंढपाळांना फोनवर आवाजात कळवायचं. गेल्या साली गाडीची चुकामूक झाली आणि माझ्या दोस्ताची, अंगदची, चाळीस कोकरं गेली, म्हणून मी हे मनाला लावून घेतलं. नियोजन केलं, तारखांचा तक्ता भिंतीवर लावला, आणि 'काय काय बिघडू शकतं' याची वही घेऊन बैठकीत बसलो. चेअरमन आप्पारावांनी नुकताच कॉम्प्युटरपुढं नारळ फोडला होता (निम्मं पाणी कीबोर्डात गेलं, तीही जोखीमच, पण प्रसाद म्हणून कुणी मोजली नाही). शुभकार्यात अभद्र बोलायचं नाही, असा त्यांनी दम दिला. मग सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, की सगळं चांगलंच होणार. वहीच्या पहिल्या पानावर हळदीकुंकवाची दोन बोटं उमटली आणि बाकी वही कोरी राहिली.

परवा चाचणी घेतली. पाच कळपांना निरोप गेला, पाचही फोन उचलले गेल्याचं कॉम्प्युटरनं दाखवलं, मी पेढे मागवले. गाडी दिंद्रुडच्या शिवारात दुपारभर उभी, आणि एक मेंढरू फिरकलं नाही. संध्याकाळी उलगडा झाला. रानात चार्जिंग होत नाही आणि फोन हरवतो, म्हणून पाच घरांनी आपापले फोन अंगदच्या आईजवळ, कडूबाईंजवळ, गावातच ठेवलेत, एका पिशवीत. संस्थेत नोंदवलेले नंबर तेच. कडूबाईंनी पाचही फोन एकेक करून उचलले, यंत्रातल्या बाईला पाच वेळा "बरं हाय, माय" म्हटलं आणि पिशवीचं तोंड बांधलं. त्या बैठकीत पहिल्या रांगेत होत्या. तेव्हाच का नाही बोललात, असं मी जरा चिडूनच विचारलं. त्या म्हणाल्या, "नारळ फुटल्यावर वंगाळ कोन बोलंल, लेकरा?"

ते फोन मी रानात पोचते केले. पण येत्या सोमवारी वीस कळपांना खरे निरोप जायचेत आणि अशा अजून किती पिशव्या कुठं बांधलेल्या आहेत कोण जाणे. बसवत नाही, उठवत नाही.

मामींना नमस्कार.

तुमचा,
हरिओम

ता. क. : शनिवारच्या बैठकीला या. राग मानू नका, पण तुमची जीभ काळी असल्याचं सारा तालुका मानतो. विजयमालाताईच्या लग्नात तुम्ही मांडव उडेल म्हणालात आणि आम्ही दुसरी पंगत उन्हात जेवलो. तुम्ही नुसते बसून मनात येईल ते अभद्र बोला, मी लिहून घेतो आणि एकेकावर उपाय करतो. दुसरा कुणी बोलला तर अपशकुन होतो. तुमची सवय आहे म्हणून आप्पारावही काही म्हणणार नाहीत.

दुसरा ता. क. : येताना एसटीच्या ब्रेकबद्दल मात्र चकार शब्द काढू नका.

तिसरा ता. क. : खरं काम हे आहे. मी कॉलेज अर्धवट टाकून आलो तेव्हा आमच्या ओट्यावर बसून तुम्ही म्हणाला होतात, "ह्या पोराच्या हातून एक काम तडीला जायचं न्हाई." मी असलं काही मानत नाही. तरी त्यानंतर दुकान बुडालं, कोचिंग क्लास बंद पडला, आणि परवा ती गाडी तशीच माघारी फिरली. तेवढं वाक्य सोमवारच्या आत मागं घ्या, फोनवर घेतलं तरी चालेल. आजवर बुडालं ते माझं एकट्याचं होतं, मामा. या वेळी अंगदची मेंढरं आहेत.