काचेवरचं पहिलं नाव

२८ ऑगस्ट

मिळालं! वैद्यकीय. अलेक्झांद्रूपोली.

आई भेंडीची देठं काढत होती. सुरी खाली ठेवली. क्रूसाची खूण केली. दृष्ट लागू नये म्हणून माझ्यावर तीनदा थुंकली. म्हणाली, "संध्याकाळपर्यंत शेजारी बोलू नकोस." मग पुन्हा सुरी उचलली. थोड्या वेळाने म्हणाली, "तिथे झोपणार कुठे तू?"

कार्दित्साहून अलेक्झांद्रूपोली म्हणजे ग्रीसचं दुसरं टोक. त्याचा विचार आज करणार नाही.

२९ ऑगस्ट

चौकात मांदालोस सरांच्या क्लासची काच. दरवर्षीसारखी निळी अक्षरं चिकटवलीत – आमचे यशस्वी विद्यार्थी. आणि सगळ्यात वर मी! एवांथिया झिसिस त्सियारा. वैद्यकीय.

आमचे?

त्या क्लासच्या एकाही बाकावर मी कधी बसले नाही. ते बाक आई पुसते. आधी फक्त तळमजला करायची. दोन वर्षांपूर्वी दुसरा मजलाही गळ्यात पडला, चार वर्ग जास्तीचे, आणि पगार तोच. "तोंड नाही का तुला?" असं मी तेव्हाच म्हटलं होतं. ती म्हणाली, "चालतं गं."

मी अभ्यास केला तो त्यांच्या केराच्या टोपलीतल्या पानांवर. मुलं टाकून द्यायची, आई घरी आणायची. चुरगाळलेली, कॉफीचे डाग पडलेली. मी इस्त्री फिरवायचे. एकदा सर म्हणाले होते, "बस मागे येऊन, फुकट." मी आईसमोरच सांगितलं, उपकार नकोत. केर कुणाचा नसतो. उपकाराला मालक असतो.

आणि शाळा! शाळा तर सरकारी, सगळ्यांची. मार्चमध्ये रसायनशास्त्राच्या बाईंनी अवघड प्रकरण उघडलं आणि विचारलं, "हे क्लासमध्ये झालंय ना?" वर्ग म्हणाला, झालंय. बाईंनी पान उलटलं. आम्ही चौघं क्लासला जात नव्हतो. चौघंही गप्प बसलो. त्या गप्प बसण्याचा राग मला अजून येतो.

३० ऑगस्ट

गेले वर, सरांकडे.

"या, या, डॉक्टरीणबाई!" सर खुर्चीतून उठले. याआधी माझ्यासाठी कधी उठले नव्हते.

"माझं नाव काढा."

"अगं, तू घरचीच. इथल्या जिन्यावर मोठी झालीस."

"जिन्यावर. वर्गात नाही. सांगा, कुठल्या बाकावर बसायचे मी?"

हसले. "बाक काय धरून बसलीस? बरं, ऐक. अलेक्झांद्रूपोलीत माझ्या बहिणीची एक खोली रिकामी आहे. वर्षभर राहा, भाडं नको. मला एक फोटो दे आणि चार ओळी. पाया इथे घातला गेला, असं काहीतरी. तुला लिहिता येतं."

"पाया?"

"मग कळस म्हण!"

नाही म्हणाले. दार आपटायचं होतं, पण ते हळूहळू आपोआप मिटणारं दार आहे. जिन्यात आई कठड्याला पॉलिश करत होती. सगळं ऐकलं असणार. मान वर केली नाही.

३१ ऑगस्ट

वसतिगृहाच्या अर्जाला वडिलांच्या उत्पन्नाचे कागद लागतात. वडील जर्मनीला गेले तेव्हा मी सात वर्षांची होते. नंतर पत्ताही कळवला नाही. कचेरीच्या खिडकीतली बाई म्हणाली, "मग नगरपालिकेतून तसा दाखला आणा." नगरपालिकेतले म्हणतात, तसा दाखला नसतो.

काचेवरच्या यादीत मात्र माझ्या नावापुढे त्यांचंच नाव! अभ्यास झिसिसने केला जणू.

२ सप्टेंबर

आईशी भांडले.

"उद्या सकाळी जाऊन अक्षरं खरवडणार."

"राहू दे."

"खोटं आहे ते!"

"येता-जाता तुझं नाव दिसतं." ती कॉफी पीत होती. बुडाला टवका उडालेला तो कप, दहा वर्षं झाली, टाकत नाही. "आणि खोली घे. फोटो काढायला काय जातं?"

"तुला लाज नाही वाटत? दोन दोन मजले घासून घेतो, आणि वर माझं नावही त्यालाच द्यायचं?"

तिने कप बशीत ठेवला. हलकेच, आवाज न करता. मला थांबायला हवं होतं. थांबले नाही. म्हणाले, "तुला सवय झालीय वाकायची."

 तिने उठून भेंडी गरम केली. माझ्या ताटात जास्त वाढली.

३ सप्टेंबर

साडेसहाला पोचले. व्हिनेगर, फडकं, पातं. निळी अक्षरं हट्टी आहेत. समोरच्या बेकरीतल्या आग्लाइयाकाकू दारात आल्या.

"काय गं, पास होऊन चोऱ्या करायला लागलीस?"

"माझंच नाव चोरतेय, काकू."

"तुझंच आहे तर घाई कसली? बन खा आधी."

झिसिस आधी काढला. मग बाकीचं. तेवढ्यात सर किल्ल्या घेऊन आले. मला वाटलं, ओरडतील. बघत उभे राहिले. म्हणाले, "कडा नीट काढ. राहिलं तर तुझ्या आईलाच घासावं लागेल." आणि आत गेले.

यादीच्या वर आता रिकामी जागा. बरं वाटलं. फार बरं वाटलं!

दुपारी आई घरी आली. "काच स्वच्छ निघाली," एवढंच म्हणाली.

४ सप्टेंबर

आई बोलत नाही. रागावलेली नाही. बोलत नाही, एवढंच.

५ सप्टेंबर

जुनी पानं खोक्यात भरत होते. कॉफीचे डाग आज पहिल्यांदा नीट पाहिले. दोन वर्षांची पानं, आणि प्रत्येक वर्तुळ एकाच जागी तुटलेलं. कप आणून टेकवला. टवका तिथेच.

पानं आणि कप आईसमोर ठेवले. तिने कपाच्या टवक्यावरून बोट फिरवलं.

"नवीच असायची," ती म्हणाली. "सरांशी तसंच ठरलं होतं. दुसरा मजला मी करायचा, पानं त्यांनी द्यायची. तुला देण्याआधी मीच चुरगाळायचे, वर कप टेकवायचे. तू उपकार घेतले नसतेस, पोरी. केर घेतलास."

उद्या सरांकडे जाते. फोटो नाही, ओळी नाहीत. खोली मागणार नाही, घेणार. चार वर्ग, दोन वर्षं. तो मजला फुकट घासला नाही तिने; पानांनी फिटली नाही एवढी मजुरी बाकी आहे.

आणि निळी अक्षरं घेणार. नाव मीच लावणार, होतं तिथेच, सगळ्यात वर. एवांथिया स्तामातिया त्सियारा. आईचं नाव त्या काचेवर कधीच नव्हतं.