गोळीनं उपास मोडतो का

माय, गेल्या गुरुवारी माझ्या दवाखान्यात एक बाई आली. चाळिशीची असेल. विष्णुपुरीच्या रस्त्याला माझा दवाखाना आहे, हे तुला माहीत असायचं कारण नाही. तू गेलीस तेव्हा मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला होते. बाई क्लासच्या पोरांची मेस चालवते. लातूरचं ते खूळ आता नांदेडलाही आलंय, गल्लीत क्लास आणि क्लासच्या मागं मेस. मी तिच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा बघितला आणि विचारलं, सकाळची गोळी घेतली का? तर म्हणते, "आज गुरुवार हाय ना मॅडम. लेकीसाठी धरलेत, ती नीटच्या परीक्षेला बसतीया यंदा. गोळीनं उपास मोडतो का हो?" माय, मी तिच्यावर अशी ओरडले की बाहेर बसलेले पेशंट उठून उभे राहिले. पेन आपटलं. अडाणी म्हणाले, लेकीला पोरकी करून ठेवशील म्हणाले. ती बिचारी तोंडाला पदर लावून निघून गेली, तिचा कागदसुद्धा माझ्या टेबलावरच राहिला. तेव्हापासून तुझ्याशी भांडायचं मनात आहे. आज भांडते.

भूकंपात आबा गेले, तुझं कुंकू गेलं, घर गेलं, आणि आपण दोघी पत्र्याच्या शेडमध्ये राहायला आलो तेव्हा मी आठ वर्षांची होते. शेडमध्ये एकदा डॉक्टर आले, त्यांनी तुझा बीपी मोजला आणि वाढलाय म्हणाले. आजूबाजूच्या कितीतरी बायांचा वाढलेला निघाला. मग सगळ्यांनी मिळून ठरवूनच टाकलं की हा भूकंपाचा धसका आहे, धसका उतरला की बीपी उतरेल. तू पुढं दहा वर्षं हेच धरून बसलीस. आपण लातूरला खोली केली, तू मेस सुरू केलीस, आणि गल्लीतल्या डॉक्टरांनी रोजची गोळी लिहून दिली, तर तू त्यांनाच ऐकवलंस, "बीपी हे बसून खाणाऱ्याचं दुखणं हाय साहेब. मी कवा बसले?" ते हसले. तूही हसलीस, आणि गोळी डोकं धरलं तरच घ्यायचीस. मला त्या हसण्याचा आजही राग येतो.

बसून खाणाऱ्याचं म्हणे! तू खायचीस तरी काय गं? पहाटे उठून पीठ मळायचीस, पोरांचे डबे भरायचीस, ताजं गरम सगळं त्यांना. दुपार कलली की पातेल्याच्या बुडाशी राहिलेलं तिखटमीठ आणि तेल शिळ्या भाकरीनं पुसून घ्यायचीस, वर लोणच्याच्या खाराची फोड. भूक लागली की मिसरी, थकवा आला की मिसरी, आबांची आठवण आली की मिसरी. "लावल्याबिगर हात चालत न्हाई," म्हणायचीस. तुझी आई "वारं गेलं अंगावरून" म्हणून गेली, असं तू सांगायचीस. ते वारं नव्हतं माय, लकवा होता. आता मी रोज हेच कागदावर भरत असते. वय किती, कंबर किती, मीठ, तंबाखू, झोप, घरात आधी कुणाला होतं का. तुझा कागद मी भरला असता तर एक रकाना मोकळा राहिला नसता. मागच्या वर्षी मलाही बीपी निघाला. घरात कुणाला होता, या प्रश्नापुढं मी "आईला" असं लिहिलं.

आणि आता तर सतरा वर्षांची पोरं येतात. परवा शिरूर अनंतपाळकडचा एक मुलगा आला होता, दिवसभर खुर्चीत, पोटात चिप्स आणि त्या डब्यातल्या थंड सरबतांशिवाय काही नाही, आणि बीपी बापापेक्षा जास्त. बाप वाळक्या काडीसारखा शेतकरी. तो माझ्याशीच वाद घालायला लागला, "आमच्यात असलं श्रीमंती दुखणं कुणालाच न्हाई मॅडम, तुमची मशीन बघा." मशीन बघा! तुझीच भाषा. तू गेलीस, पण तुझी भाषा काही जात नाही.

माझं नाव बारावीच्या क्लासात घातलं आणि तू सोमवार धरलेस. पहिल्या चाचणीत मला मार्क कमी पडले, तसे गुरुवारही धरलेस. चतुर्थी तर आधीपासून होतीच. उपासाला भगर चालायची, दाण्याची आमटी चालायची, बटाट्याचे खारट पापड चालायचे, गोळी तेवढी चालायची नाही. का, तर "ती कशाची केलेली आस्ती काय ठावं? पिठाची आसली म्हंजे?" काय तुझा देव म्हणायचा! पापड चालतो आणि गोळीचं वावडं. दिवाळीनंतर एकदा मी म्हणालेही होते, माय, ही गोळी रोज घ्यायची असते. तू लाटणं माझ्याकडं रोखलंस. "तू तुजं पुस्तक वाच. मला नको वाचूस. तुजा नंबर लागू दे मेडिकलला, मग तुज्याच हातची गोळी खाईन." मी पुन्हा वाचायला लागले. मला तो शब्द फार आवडला होता, खोटं कशाला बोलू.

परीक्षा झाली, आणि पंधरा दिवसांत तुझ्या हातातलं लाटणं पडलं. सोमवारच होता. उजवी बाजू गेली, वाचा गेली. नांदेडला नंबर लागला हे मी तुला दवाखान्यातल्या खाटेवर सांगितलं, तेव्हा तू अर्ध्या तोंडानं हसलीस. मी गोळी कुटून चमच्यात पाण्यात कालवली आणि तुला पाजली. निम्मी ओघळली. म्हणजे माझ्या हातची गोळी तू खाल्लीस, शब्दाची पक्की. दिवाळीच्या आधी गेलीस. क्लासवाल्यांनी चौकात माझा फोटो लावला होता, खाली मोठ्या अक्षरात "आईच्या उपवासांचं फळ". ते वाक्य त्यांनी माझ्याकडूनच घेतलं होतं. येणारीजाणारी बाई तिथं थांबून हात जोडायची, आणि मला वाटतं त्यातल्या दोघीचौघींनी तरी घरी जाऊन गुरुवार धरले असतील.

इतकी वर्षं मी सगळ्यांना दोष देत आले. डॉक्टरांनी नीट समजावलं नाही. गल्लीतल्या बायांनी भरीस घातलं. क्लासवाल्यांनी घरोघरी धाक भरवला. तू हट्टी, तू कुणाचं ऐकणारी नव्हतीस. हे सगळं खरं आहे, यातलं काही मी मागं घेत नाही. पण हे पत्र कुठं जाणार नाही. त्या बाईचा कागद समोर आहे, त्यावर तिच्या मेसचा पत्ता आहे, उद्या तिथं जाऊन तिला हात जोडायचे आहेत. तोवर हे त्याच कागदाखाली राहील. म्हणून शेवटचं तेवढं लिहून टाकते.

पेपरला आठ दिवस राहिले होते. सोमवारची सकाळ. तू पुडीतली गोळी तळहातावर घेऊन माझ्या टेबलापाशी आलीस. डोकं गच्च धरलंय, म्हणालीस. डोळे लाल होते तुझे. "तू शिकतीस, तुला कळतं. गोळीनं उपास मोडतो का गं?" माझ्यापुढं जीवशास्त्राची वही उघडी होती, रक्तदाबाचंच पान. पण चाचण्यांमधले माझे मार्क चढत चालले होते, आणि ते तुझ्या सोमवारांनीच चढतायत असं मला आतून वाटत होतं. आठ दिवस. आठच दिवस उपास मोडू नये, एवढंच मला पाहिजे होतं. मी मान वर न करता म्हणाले, "मोडतो."

तू गोळी पुन्हा पुडीत बांधलीस. माझ्या डोक्यावरून हात फिरवलास आणि म्हणालीस, "बरं झालं बाई तुला इचारलं."