माझ्याच कोडला कुलूप

दादा,

आबांना ऐकू येत नाही, म्हणून दाराची बेल वाजली की घरातले दिवे लुकलुकावेत असा कोड मी लिहिला आणि सगळ्यांसाठी खुला ठेवला. तू तो स्वतःच्या नावाने तुझ्या कंपनीला दिलास, हे आज कळलं. सकाळी तुझ्या कंपनीचं अपडेट आपल्या घरात आलं आणि दिवे लुकलुकेनात. देहूरोडहून आलेली आत्या तासभर दारात उभी, आबा आत पेपर वाचत बसलेले. दुरुस्त करायला गेले, तर माझ्याच कोडने मला तुझ्या कंपनीचा पासवर्ड विचारला.

माझी जुनी, खुली प्रत परत बसवली आहे. तिला हात लावू नकोस. आमटी गरम करून आबांना वाढ.

मी दिघीला माझ्या मैत्रिणीकडे, उत्कर्षाकडे राहायला जातेय. का गेली, असं आबांनी विचारलं तर तू काय केलंस ते कागदावर लिहून दाखव. त्याच्याखाली तुझं नाव शोभेल.

वर्षाली